गणकयंत्राच्या दहा ओळी आणि त्यांवरील खानदेशी भाष्य

उपोद्घात

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. लेख इसवी सन १२०७ चा आहे. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडी यांनी त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० च्या सुमारास पुरा झाला होता. तो लिहून झाल्यावर पन्नासहून अधिक वर्षांनीही तो शिकवण्यासाठी वेगळी शाळा काढावी लागली. नियम लिहून ठेवल्याने तो आपोआप कळत नाही, हे भास्कराचार्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी या ग्रंथावर स्वतःच वासनाभाष्य लिहिले आणि नियमांमागची उपपत्ती सांगितली. त्यांच्याच ‘लीलावती’वर पुढे १५४५ मध्ये गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली.

आज त्याच खानदेशात मूळ ग्रंथाच्या जागी एक घडीचा कागद आला आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. बारावीला लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. पण दहावीनंतर पारोळ्याचा किंवा साक्रीचा विद्यार्थी जळगावच्या अथवा धुळ्याच्या तंत्रनिकेतनात गेला, की तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेत त्याला नॉन-प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर वापरता येतो. यंत्राशी त्याची पहिली गाठ अशी एकदम पडते. सोबत बारीक अक्षरांतली इंग्रजी पत्रिका असते. कोणते बटण दाबायचे ते ती सांगते, का दाबायचे यावर गप्प राहते.

खालच्या दहा ओळी कोणत्याही एका पत्रिकेतून उचललेल्या नाहीत. अशा पत्रिकांत जे सांगितलेले असते त्याचे सार मी माझ्या शब्दांत बांधले आहे. बटणांचे तपशील कॅसिओच्या एफएक्स-८२एमएस आणि एफएक्स-९९१ईएस प्लस या दोन प्रकारांचे आहेत. यापुढे त्यांना एमएस आणि ईएस म्हटले आहे.

ओळ १. आधी यंत्र मूळ स्थितीत आणा.

एमएसवर शिफ्ट, मोड, ३ आणि बरोबर. ईएसवर शिफ्ट, ९, ३, बरोबर आणि एसी. एवढे केले की सगळ्या निवडी कारखान्यातून आल्या तशा होतात आणि साठवलेले आकडे पुसले जातात.

शंका: यंत्र बंद करून चालू केले तर पुरत नाही का? समाधान: नाही. कोनाचे एकक, दशांश स्थळांची निवड आणि स्मृतीतला आकडा यंत्र बंद झाले तरी टिकतात. मोठ्या भावाचे किंवा मित्राचे यंत्र परीक्षेला नेणारा त्याच्या निवडीही सोबत नेतो. पत्रिकेत ही कृती बहुधा अडचणींच्या भागात दिलेली असते. शिकणाऱ्याने ती पहिल्या ओळीवर आणावी.

ओळ २. कोनाचे एकक पडद्यावर वाचा, मगच साइन, कोसाइन, टॅन दाबा.

दहा ओळींत ही सर्वांत महत्त्वाची, म्हणून विस्ताराने घेतो. पडद्याच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी यांपैकी एक बारीक अक्षर असते. डी म्हणजे अंश: वर्तुळाचे ३६० भाग. आर म्हणजे रेडियन: वर्तुळाचे २ पाय भाग. जी म्हणजे ग्रेड: ४०० भाग. ईएसवर शिफ्ट आणि मोड दाबून ३, ४, ५ यांपैकी निवड करायची. एमएसवर मोड दोनदा दाबून १, २ किंवा ३.

उदाहरण आपल्याच भूमीवरचे घेऊ. भारतीय ज्योतिषात बारा अंगुळे उंचीचा शंकू उभा करतात. विषुवदिनी मध्यान्ही त्याची जी सावली पडते ती पलभा. गावाचा अक्षांश ठाऊक असला की पलभा निघते: १२ गुणिले टॅन अक्षांश. जळगावचा अक्षांश सुमारे २१ अंश. डी स्थितीत १२ × टॅन २१ केले तर ४.६१ अंगुळे येतात. आर स्थितीत तेच बटण, तोच आकडा, आणि उत्तर उणे १८.३३. उणे लांबीची सावली कुठेही पडत नाही, म्हणून ही चूक तिथल्या तिथे पकडली जाते. आता जी स्थिती पाहा: उत्तर ४.११. हे दिसायला अगदी खरे वाटते. सावली आहे, धन आहे, शंकूपेक्षा लहान आहे. अशी चूक उत्तरपत्रिकेत निमूट उतरते. साइन २१ चेही असेच: अंशात ०.३५८४, रेडियनमध्ये ०.८३६७. दोन्ही शून्य आणि एक यांच्या मधले, दोन्ही पटण्याजोगे.

शंका: मग रेडियन हवेच कशाला? समाधान: वर्तुळाचा कंस आणि त्याची त्रिज्या एकाच मापाने मोजायची असली की रेडियन लागतेच. ही गरज आपल्याकडे जुनी आहे. ‘ज्या’, म्हणजे आजचा साइन, यांची कोष्टके करताना जुने ज्योतिषी त्रिज्या ३४३८ घेत. हा आकडा कुठून आला ते यंत्रावर पाहता येते: १८० भागिले पाय केले की ५७.२९५७७९५१ येते, एका रेडियनचे अंश. त्याला ६० ने गुणले की ३४३७.७५, एका रेडियनच्या कला. पूर्णांकात ३४३८. म्हणजे परिघ कलांत मोजणाऱ्याने त्रिज्याही कलांत मोजली. रेडियनमध्ये आपण हेच करतो, फक्त त्रिज्येला एक म्हणतो.

ओळ ३. अंश, कला, विकला त्यांच्या बटणानेच भरा.

धुळ्याचा अक्षांश सुमारे २० अंश ५४ कला. घाईत तो २०.५४ असा टंकला जातो. कला साठांच्या हिशोबातल्या असतात. ५४ कला म्हणजे ०.९ अंश, म्हणून खरा आकडा २०.९. फरक ०.३६ अंशाचा. एक अक्षांश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा चूक ४० किलोमीटरची झाली आणि धुळे मालेगावच्या अक्षांशावर जाऊन पडले. अंश-कला-विकलेच्या चिन्हाचे बटण दर घटकानंतर दाबले की हा घोळ होत नाही.

हेच बटण वेळेलाही चालते, कारण तास-मिनिटे-सेकंदही साठांनीच वाढतात. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, जळगावचा रेखांश सुमारे ७५ अंश ३४ कला. वजाबाकी ६ अंश ५६ कला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून चाराने गुणा: पडद्यावर २७ आणि ४४ दिसतात, ती २७ मिनिटे ४४ सेकंद म्हणून वाचायची. जळगावात सूर्य घड्याळाच्या बारा वाजता माथ्याच्या रेषेवर येत नाही, सरासरीने जवळपास साडेबाराला येतो. पलभा मोजायची असेल तर शंकूपाशी बाराला नव्हे, या वेळेच्या आगेमागे उभे राहायला हवे. जुन्या मापात हे अंतर एका घटिकेहून थोडे जास्त, कारण घटिका २४ मिनिटांची.

ओळ ४. गुणोत्तरावरून कोन हवा असेल तर आधी शिफ्ट, मग टॅन.

इथे प्रश्न उलटा: सावली मोजली आहे, अक्षांश काढायचा आहे. सावली ४.६ अंगुळे भरली असे धरू. ४.६ भागिले १२ याचा व्यस्त टॅन घेतला की सुमारे २० अंश ५८ कला येतात. काठी, फूटपट्टी आणि यंत्र एवढ्यावर आपल्या अंगणाचा अक्षांश निघतो.

पण इथे दोन यंत्रे वेगळी वागतात. ईएसवर व्यस्त टॅन दाबताच कंस आपोआप उघडतो. एमएसवर तो उघडत नाही. तिथे व्यस्त टॅन ४.६ भागिले १२ असे सरळ दाबले तर यंत्र आधी ४.६ चा व्यस्त टॅन काढते आणि त्या कोनाला १२ ने भागते. उत्तर ६.४८ अंश. भारताचे दक्षिण टोक इंदिरा पॉइंट सुमारे ६.७५ अंशांवर आहे. जळगाव त्याच्याही खाली समुद्रात जाते.

दुसरी सावधगिरी: बटणावर साइनच्या डोक्यावर उणे एक असा घात छापलेला असतो. त्याचा अर्थ ‘एक भागिले साइन’ असा घेऊ नये. ते हवे असेल तर साइन काढून मग व्यस्ताचे वेगळे बटण दाबावे. तिसरी: ०.५ चा व्यस्त साइन यंत्र ३० सांगते, पण १५० अंशांचा साइनही ०.५ च आहे. यंत्र उणे ९० ते ९० या मर्यादेतला एकच कोन देते. त्रिकोण विशालकोन आहे की नाही हे आकृती पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

ओळ ५. भाजकात एकाहून अधिक पदे असतील तर ती कंसात ठेवा.

केळीची दोन खोडे १.५ मीटर अंतरावर आणि दोन ओळीही १.५ मीटर अंतरावर असतील, तर हेक्टरी खोडे किती? रावेर-यावलच्या बागायतदाराला उत्तर तोंडपाठ असते: ४४४४. यंत्रावर १०००० भागिले १.५ गुणिले १.५ असे दाबून पाहा. उत्तर १००००. यंत्र चुकले नाही. गुणाकार-भागाकार ते डावीकडून उजवीकडे करते: १.५ ने भागले, पुन्हा १.५ ने गुणले, मूळ आकडा परत आला. कागदावर भागाकाराची आडवी रेघ कंसाचे काम करते. एका ओळीत टंकताना ती रेघ नाहीशी होते. म्हणून कंस हाताने द्यायचा: १०००० भागिले कंसात १.५ गुणिले १.५. मग ४४४४.४४ येते.

शंका: गुणाकाराचे चिन्ह गाळले तर? समाधान: गाळू नये. ६ भागिले २ आणि लगेच कंसात १ अधिक २ असे लिहिले तर काही यंत्रे १ देतात, काही ९. पहिल्या प्रकारची यंत्रे चिन्हाविना जोडलेला गुणाकार आधी करतात. वाद यंत्रांचा नाही, मांडणी संदिग्ध आहे. अशी मांडणी स्वतः करू नये आणि दुसऱ्याची आली तर कंस मागून घ्यावा.

ओळ ६. ऋण चिन्ह वेगळे, वजाबाकी वेगळी.

कंसातल्या छोट्या रेघेचे बटण संख्येला ऋण करते, मोठ्या रेघेचे वजा करते. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: ऋण ३ चा वर्ग म्हणून ऋण, ३, वर्ग असे दाबले तर ऋण ९ येते, कारण यंत्र आधी वर्ग करते. कंसात ऋण ३ लिहून वर्ग केला तरच ९. धन आणि ऋण या दोन्हींचा वर्ग धनच, आणि म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्य ‘बीजगणिता’त सांगतात. नेहमीच्या गणनेच्या स्थितीत ऋण ९ चे वर्गमूळ मागितले तर यंत्रही एरर दाखवून हात वर करते.

ओळ ७. दहाचा घात एका बटणाने द्या. दहा पुन्हा लिहू नका.

एमएसवर या बटणावर ईएक्सपी लिहिलेले असते, ईएसवर ‘गुणिले दहाचा अमुक घात’. धरणांचे साठे वर्तमानपत्रांत टीएमसीत येतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट आणि एक घनफूट म्हणजे २८.३१७ लिटर. १, ईएक्सपी, ९, गुणिले २८.३१७ असे दाबले की २.८३१७ गुणिले दहाचा दहावा घात, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. तोंडाने आपण ‘दहाचा नववा घात’ म्हणतो, म्हणून बोट १० कडे जाते. १०, ईएक्सपी, ९ झाले की धरण कागदावरच दसपट भरते.

ओळ ८. उत्तर अपूर्णांकात आले तर दशांशात फिरवून पाहा.

‘लीलावती’त वर्तुळाच्या परिघासाठी दोन गुणक दिले आहेत: सूक्ष्म काम असेल तर ३९२७ छेद १२५०, व्यवहाराला २२ छेद ७. सात व्यासाच्या वर्तुळाचे उदाहरणही तिथेच आहे. ईएसवर ७ गुणिले ३९२७ भागिले १२५० केले की प्रथम अपूर्णांक दिसतो, २७४८९ छेद १२५०. एस-डी बटण दाबले की २१.९९१२. स्थूल गुणकाने नेमके २२. यंत्रातल्या पायने २१.९९११४८५८.

आकडे शेजारी ठेवा. ३९२७ छेद १२५० म्हणजे ३.१४१६, पायशी चार दशांश स्थळांपर्यंत जुळणारे. सात मीटर व्यासाच्या विहिरीच्या परिघात त्याने पडणारा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. २२ छेद ७ ने फरक नऊ मिलिमीटरच्या आसपास. बांधकामाला दुसराही चालतो. कुठे काय चालते हे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात दोन शब्दांत सांगितलेले आहे. आजच्या पत्रिकेत दशांश स्थळे ठरवण्याची फिक्स ही सोय असते, पण किती स्थळे ठेवावीत यावर अवाक्षर नसते. नियम साधा आहे: मोजलेल्या आकड्यांत जितके अंक भरवशाचे, उत्तरातही साधारण तितकेच. सावली ४.६ मोजून अक्षांश विकलांपर्यंत लिहिणे म्हणजे न मोजलेले विकणे.

मात्र गणित चालू असताना मधले उत्तर छाटू नये. पडद्यावर दहा अंक दिसले तरी आत यंत्र त्याहून अधिक अंकांनी हिशोब करते. छाटणी शेवटी, एकदाच.

ओळ ९. मागचे उत्तर यंत्राजवळ असते.

एएनएस बटणात शेवटचे उत्तर राहते आणि दर वेळी बरोबर दाबले की बदलते. एम अधिक या बटणाने आकडे स्मृतीत साचत जातात. पडद्यावर एम दिसत असेल तर तिथे कुणाचा तरी आकडा शिल्लक आहे. बेरीज सुरू करण्याआधी ते अक्षर पाहावे. अधिक सांगण्यासारखे यात काही नाही.

ओळ १०. एरर आले तर बाणाचे बटण दाबा.

डावा किंवा उजवा बाण दाबला की जिथे अडले तिथे कर्सर जाऊन उभा राहतो. पूर्ण गणित पुन्हा टंकावे लागत नाही. सिंटॅक्स एरर म्हणजे मांडणी तुटली: कंस सुटला, दोन चिन्हे लागोपाठ आली. मॅथ एरर म्हणजे मांडणी ठीक, पण मागणी अशक्य.

शून्याने भागल्यावर मॅथ एररच येते. भास्कराचार्य इथे थांबत नाहीत. शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात, ती अनंत मानतात आणि तिच्यात काही मिळवले वा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही असे सांगतात. आजच्या अंकगणितात शून्याने भागणे अमान्य आहे, तेव्हा यंत्राचा नकार योग्यच. पण विद्यार्थ्याने एवढ्यावर पुसून पुढे जाऊ नये. भाजक शून्य का झाला? टॅन ९० मागितला का? चढ काढताना दोन बिंदूंची रेषा उभी होती का? एरर हे बहुतेक वेळा आकृतीबद्दलचे विधान असते. शिवाय ज्या चुका एरर देतात त्या सौम्य. वरच्या ओळींतल्या ४.११ अंगुळांना, १०००० खोडांना, दसपट धरणाला एकदाही एरर आली नाही.

उपसंहार

दहाही ओळींची उपपत्ती एकच निघते. यंत्राला दिलेली आज्ञा कळते, विचारलेला प्रश्न कळत नाही. दोहोंतले अंतर ज्याच्याजवळ उत्तराचा अंदाज आहे तोच ओळखतो. सावली शंकूच्या निम्म्याहून कमी असणार, हेक्टरात खोडे चार-पाच हजार असणार, सात मीटरच्या विहिरीचा परिघ बावीसच्या आसपास असणार, हे बटण दाबण्याआधी कागदाच्या कडेला लिहून ठेवावे. पत्रिका वाईट नाहीत. त्या अंदाज येणाऱ्यासाठी लिहिलेल्या आहेत, आणि तो येण्याआधीच यंत्र हाती पडते. म्हणून तंत्रनिकेतनांतल्या गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे: पहिल्या सत्राचा पहिला तास या कामाला द्या, वर्गातली सगळी यंत्रे बाकावर काढायला सांगा आणि प्रत्येकाला टॅन २१ विचारा. ज्यांची उत्तरे वेगळी येतील त्यांच्यापासून शिकवायला सुरुवात करा.